बुटक्याचा कप्पा

सकाळी प्रशिकचा फोन आला. तुझा पुतण्या आता तुझ्यासारखाच बोलायला लागलाय, आधी इकडचं तिकडचं आणि मग हळूच मुद्द्याचं. मनमाडला ऊन फार आहे, ड्युटी बदललीय, तुम्ही वेळेवर जेवताय ना, असं सगळं झाल्यावर म्हणाला, "आत्या, रविवारी काकांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. पत्रिका संध्याकाळपर्यंत छापायला द्यायचीय. खाली शोकाकुलमध्ये तुमचं नाव बहीण म्हणून टाकतोय. शैलजाताई लिहू की शैलजा मॅडम?"

मी म्हटलं, दुपारनंतर सांगते.

"त्यात सांगायचं काय आत्या, टाकून देतो ना."

"टाकू नकोस. मी सांगेपर्यंत काहीही टाकू नकोस." माझा आवाज चढला असावा, कारण तो घाबरून "बरं बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. बिचाऱ्याची काही चूक नाही. त्याच्या जन्मापासून मी त्याची आत्याच आहे.

तुला जाऊन आज पाचवा दिवस. आणि मी, जिला या वयात आता काही ठरवायचं उरलेलं नाही असं वाटत होतं, ती एका शब्दापाशी अडून बसली आहे. हो म्हटलं तर सत्तावीस वर्षं चाललेलं तसंच पुढे चालेल, छापील होऊन. नाही म्हटलं तर प्रशिकची आत्या मी कोण? तुझ्या माणसांत उद्या कुठल्या हक्कानं बसायचं? दोन्हीकडून दार बंद आहे. म्हणून तुझ्याशी बोलायला बसले. हा निर्णय माझ्या एकटीचा नाही, आणि तू मात्र ऐन वादाच्या वेळी नेहमीसारखा उठून गेलास.

आपल्या वादांची सुरुवात बुटक्यापासून. मी शाळेत नवी होते, चित्रकलेची बाई. तू विज्ञानाचे पगारे सर, पोरांमध्ये भलताच लोकप्रिय. विज्ञान प्रदर्शनासाठी एक डायनासोर काढून द्या म्हणालास. मी रात्रंदिवस खपून चांगला पुरुषभर उंचीचा, तोंड वासलेला, दात विचकणारा काढला. तू पुढून पाहिलास, मागे जाऊन पाहिलास आणि म्हणालास, "मॅडम, सुंदर आहे. पण हा आपल्याकडचा नाही." जसं काही मी दुसऱ्याच गावचा पाहुणा जेवायला बसवला होता.

आणि मग तू मला आपल्याकडचा दाखवलास. म्हणजे दाखवण्यासारखं काही नव्हतंच. इंग्रजांच्या काळात जबलपूरच्या एका टेकडीत दंडाचं एक हाड सापडलं. जाड आणि आखूड. तेवढंच. कवटी नाही, शेपूट नाही, बरगडी नाही. त्या एका हाडाला मोठं नाव दिलं, ब्रॅकिपोडोसॉरस, म्हणजे आखूड पायांचा सरडा. ज्यांनी त्याचा अभ्यास केला त्यांनी सांगितलं, हा चिलखती डायनासोर, पाठीवर उभ्या पाट्या असणाऱ्यांतला. नंतरचे म्हणाले, छे, हा बुटका, अंगभर हाडांच्या ढाली ल्यालेल्या सपाट घराण्यातला. त्याच्याही नंतरचे म्हणाले, एका दंडावरून तुम्ही घराणं ठरवता? हा चिलखती आहेच कशावरून? तू हे असं रंगवून सांगत होतास की मला वाटलं, तुझ्या एखाद्या चुलत्याच्या जमिनीचा वाद चाललाय. मी म्हटलं, "म्हणजे या बुटक्याला धड घरही नाही." तू खूश झालास. त्या दिवसापासून त्याचं नाव बुटक्या.

मग रविवार सुरू झाले. सकाळी दहाला शाळेची प्रयोगशाळा उघडायची, मी कागद ताणायचा, तू समोर स्टुलावर बसायचं आणि मी काढलेलं तू खोडायचं. माझ्या आयुष्यात माझ्या चित्रावर खोडरबर चालवणारा तू एकटाच माणूस. मी पाठीवर ढाली काढल्या की तू म्हणायचास, "कशावरून?" शेपटीला गदेसारखा गोळा काढला की, "पुरावा?" मी वैतागून म्हणायचे, "अहो, पोरं काय एक हाड बघायला येणार आहेत का? काहीतरी पुरं करावं लागतं." तू म्हणायचास, "जेवढं सापडलंय तेवढं ठळक काढा. बाकीचं तुटक रेषेत." मला तुटक रेषेचा राग यायचा, अजून येतो. अर्धवट काढलेलं चित्र म्हणजे अर्धवट शिजलेली भाजी. चुकलं तर चुकलं, पण पानात वाढताना पूर्ण वाढावं, हे माझं म्हणणं. आपल्या दोघांत हा वाद कधी मिटला नाही, आणि आता कळतंय की तो बुटक्याचा वाद नव्हताच.

प्रयोगशाळेत तुझं ते नमुन्यांचं कपाट होतं. पोरं पांडवलेण्याच्या पायथ्याकडून, खाणींतून, नदीतून दगड, स्फटिक, शिंपले, काहीबाही आणायची. तू प्रत्येकाला चिठ्ठी लावायचास, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. क्रमांक. ठिकाण. कोणी आणलं. प्रकार. प्रकार ठरला की वस्तू कपाटातल्या आपापल्या कप्प्यात जायची. नाही ठरला तर तिथे प्रश्नचिन्ह लिहायचं आणि वस्तू खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायची. हळूहळू ते टेबल भरून ओसंडायला लागलं. तपासणीला साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी एकदा हुकूम सोडला की हा पसारा कपाटात कोंबा. तू नाही कोंबलास. म्हणालास, "सर, चुकीच्या कप्प्यात ठेवण्यापेक्षा टेबलावर राहू दे. कप्प्यात गेलं की परत कोणी विचारत नाही." हेडमास्तर तुला वेडा समजत होते. मीही थोडीशी समजत होते.

तुझी पाठ तेव्हाच धरायला लागली होती. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले वात, मग म्हणाले बसण्याची सवय, मग म्हणाले मनाचं आहे. शेवटी एकानं खरं नाव सांगितलं, मणके एकमेकांना चिकटून एकच काठी होण्याचा आजार. तोवर तुझी मान वळायची थांबली होती. शेजारचा माणूस बघायचा तर तुला अख्खं अंग फिरवावं लागे. पोरं मागून तुझी नक्कल करायची आणि तू पुढून त्यांची करायचास. "मला बुटक्याच्या घराण्यात घेतलं," असं तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंस आणि सगळे हसले. मी नाही हसले. मी त्या दिवसापासून तुझ्या बाजूला उभं राहणं सोडलं. नेहमी समोर येऊन बोलायचं, समोरची खुर्ची घ्यायची. ही गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही आणि तुझ्या लक्षात आली होती की नाही, तेही विचारायचं राहून गेलं.

समोर बसणारी बाई मात्र इतरांच्या लक्षात आली. आपली शाळा होती ते इंदिरानगर तेव्हा आजच्याएवढं वाढलेलं नव्हतं. दूधवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना रविवारी प्रयोगशाळेत कोण असतं ते ठाऊक. बातमी एसटीनं प्रवास करून येवल्याच्या बाजूला आमच्या गावी पोहोचली, आणि एका शनिवारी माझा थोरला भाऊ, दादा, कांद्याच्या गाडीबरोबर नाशकात येऊन माझ्या खोलीत बसला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "शैले, गावात लय बोलत्यात लोकं. आईनं जेवण सोडलंय. तसं काय नाय ना?"

मी म्हटलं, "तसं म्हणजे कसं?"

"तुला कळतंय मी काय म्हणतो ते. तसं काय नसंल तर मंग राखी बांध त्या मास्तराला. चारचौघांत बांध. आईला मी जाऊन सांगतो, इषय संपला."

"आणि नाही बांधली तर?"

"मंग ही नोकरी सोड आन् घरी चल. आपल्या पावण्यारावळ्यात हे चालत नाय, तुला ठाव हाय."

तू मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला बौद्ध, मी मराठ्याच्या घरातली. दादानं जात हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्याला गरजच पडली नाही, तो शब्द आमच्या दोघांमध्ये चहाच्या बशीसारखा ठेवलेलाच होता.

तो गेला आणि मी विचार करत बसले. आणि मला वाटलं, अरे, हे तर फारच सोपं आहे! एक दोरा बांधायचा. मग कोण काय बोलणार? रविवार वाचतील, बुटक्या वाचेल, मला घरी जावं लागणार नाही. मी अगदी हुशारीनं, स्वतःवर खूश होऊन राखी विकत आणली. इतकी खूश की तुला आधी सांगावं, विचारावं, हेसुद्धा मला सुचलं नाही. राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळा स्टाफ डबे उघडून बसलेला असताना, मी तुझ्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, हात पुढे करा."

तू बघत राहिलास. तुला मान वळवून दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मग हळू आवाजात म्हणालास, "आमच्याकडे हा सण करत नाहीत मॅडम." मी म्हटलं, "आमच्याकडे करतात." आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवायला तयारच होत्या. तू आणखी एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "कशावरून?" सगळ्यांना वाटलं तू गंमत करतोयस. मीही हसले. आणि तू हात पुढे केलास.

मिलिंद, तू हात मागे का घेतला नाहीस? तू सगळ्या जगाशी भांडायचास, हेडमास्तरांशी, पाठ्यपुस्तकाशी, माझ्या पेन्सिलीशी. त्या एका दिवशी भांडला असतास तर? मी हे आज विचारतेय, कारण त्या दिवशी मला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. गाठ मारली, पेढा भरवला. त्यानंतर तू मला "ए शैलजा" म्हणायला लागलास आणि मी तुला "अरे". राखी बांधल्यावर तेवढी सूट मिळते.

आणि खरं सांगायचं तर ते चाललं. हीच तर माझी अडचण आहे, की ते चाललं! दादा तुझ्याकडे कांद्याची पोती पाठवायला लागला. आईनं मरण्याआधी तुझ्या पाठीला तेल लावायला कुठली झाडपाल्याची कृती सांगितली होती. मनमाडला तुझ्या आईनं मला लेकीसारखी साडी नेसवली. प्रशिक बारावीनंतर तुझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या वह्यांना मी कव्हरं घातली. शेकडो रविवार मिळाले. ज्या बायकांनी हिंमत केली त्यांना कधी इतके रविवार मिळाले असतील का, मला शंका आहे. मी कृतज्ञ आहे, हे लिहून ठेवते. पण दर श्रावणात दुकानात राखी निवडताना माझा हात जड व्हायचा, तेही लिहून ठेवते. मीच लावलेली कडी होती, आतून, आणि ती काढायची म्हटलं तर ज्यांनी ज्यांनी मला त्या कडीमुळे घरात घेतलं त्या सगळ्यांना खोटं पाडावं लागणार होतं.

जबलपूरचा वाद आठवतो? पहिल्या राखीनंतर वर्ष-दीड वर्षानं मीच म्हटलं होतं, "चल, बुटक्याची टेकडी बघून येऊ. मनमाडहून सरळ गाडी आहे. आता भाऊबहीण आहोत, कोण काय बोलणार?" तू चहा पीत होतास. कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "नको."

"का नको? तूच तर म्हणत होतास एकदा जायचं."

"जायचंय. पण असं नको."

"असं म्हणजे कसं?"

तू कप विसळायला उठून गेलास. मी पंधरा दिवस तुझ्याशी बोलले नाही. मला वाटलं, पाठीच्या दुखण्यामुळे घाबरतोस आणि कबूल करत नाहीस. नंतर तर पाठीनं खरंच तुझा लांबचा प्रवास बंद केला आणि जबलपूर राहिलं ते राहिलंच. ते हाड आज नेमकं कुठल्या कपाटात आहे, हेही तुला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याऐवजी तू बोअरवेल बघत फिरायचास. इंदिरानगरात कुठे बोअरची गाडी लागली की पगारे सर तिथे हजर. बाकीचे लोक विचारायचे, पाणी लागलं का? तू विचारायचास, दगड बदलला का? मजूर तुला हसायचे. पांढरट-करड्या भुकटीनं तोंड माखून घेऊन तू माझ्या दारात उभा राहायचास आणि सांगायचास, "काळाच. खाली खाली काळाच." आपल्या पायाखाली लाव्हाचे थरावर थर आहेत, त्याच्या तळाशी बुटक्याच्या काळातली माती असू शकते, आणि तिथे त्याचं उरलेलं सगळं असू शकतं, कवटी, शेपटी, ढाली असल्या तर ढाली. "पण एवढ्या दगडाखालून त्याला काढणार कोण?" असं तू म्हणायचास. मी टॉवेल द्यायचे. "असू दे खाली. त्याला तरी कुठे ठाऊक आहे वर आपण भांडतोय ते," असं काहीतरी बोलून मी विषय उडवून लावायचे. तू समोर उभा राहून माझ्याकडे बघायचास, आणि मी पोहे परतायला आत जायचे. मला वाटतं, तू निदान तीन वेळा मला विचारायचा प्रयत्न केलास आणि तिन्ही वेळा मी स्वयंपाकघरात गेले.

आता दवाखान्याचं. या वेळी साधा सर्दी-खोकला झाला, पण तुझी छाती बरगड्यांसकट इतकी ताठ झाली होती की खोकला आला तरी कफ सुटेना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांना फुगायला जागाच नाही. प्रशिक मनमाडहून निघाला होता. आतल्या खोलीत फक्त नातेवाईकांना सोडत होते. काउंटरवर फॉर्म पुढे आला, रुग्णाचं नाव, वय, पत्ता, आणि रुग्णाशी नातं. मी सराईतपणे लिहिलं, बहीण. आत गेले. तुझ्या तोंडावर मास्क होता. नर्सनं विचारलं, "भाऊ का तुमचे?" मी म्हटलं, "हो."

तू डोळे उघडलेस. माझा हात तुझ्या हातात होता. तू बोटानं माझ्या तळव्यावर काहीतरी काढलंस, एक वळण आणि खाली टिंब. मला कळलं नाही. मी म्हटलं, "पाणी हवंय का?" तू पुन्हा काढलंस, वळण आणि टिंब. मी नर्सला सांगितलं, यांना पाणी हवंय. ती म्हणाली, मास्क काढता येणार नाही. तू डोळे मिटून घेतलेस. भेटायची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नव्हतास. पाच दिवस मी याच विचारानं जळतेय की तुला शेवटचं पाणीही मिळालं नाही.

काल प्रशिक तुझी खोली आवरून गेला. जाताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्याकडे ठेवून गेला. "काकांनी मागेच सांगितलं होतं, हा शैलजाचा." मला वाटलं, बुटक्याची जुनी चित्रं असतील, तू खोडलेली. पुन्हा तुझी खोडरबराची खूण बघायची ताकद नव्हती म्हणून उघडला नाही. आज फोन झाल्यावर, इथवर लिहून झाल्यावर, उघडला.

राख्या आहेत. सगळ्या. प्रत्येक राखी वेगळ्या कागदाच्या पुडीत आणि प्रत्येक पुडीवर तुझी निळ्या शाईतली चिठ्ठी. पहिली पुडी: क्रमांक एक. ठिकाण, स्टाफरूम. कोणी आणलं, शैलजा. प्रकार, आणि तिथे प्रश्नचिन्ह. दुसरी पुडी, ठिकाण, प्रयोगशाळा. कोणी आणलं, शैलजा. प्रकार, प्रश्नचिन्ह. मी खाली फरशीवर बसून सत्तावीसच्या सत्तावीस उघडल्या. ठिकाण बदलत गेलंय, मनमाड, शैलजाची गॅलरी, माझी खोली. अक्षर हळूहळू वाकडं होत गेलंय. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर तर तुला पूर्ण लिहिताही आलेलं नाही, नुसतं माझं नाव आहे आणि त्यापुढे ते वळण आणि खाली टिंब.

पाणी नको होतं तुला. अरे वेड्या, तू मला तेवढंच विचारत होतास, जे पहिल्या दिवशी विचारलं होतंस, आणि मी तुझ्यासाठी पाणी मागत फिरत होते.

मी खूप रडले. पाच दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले, शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या इतक्या मोठ्यानं. त्यांना मी म्हटलं, काही नाही, भाऊ गेला ना माझा. तोंडातून निघालंच ते! बघ, किती सवय झालीय. काकू गेल्यावर मी तोंड धुतलं आणि तुझ्यावर चिडले. सत्तावीस वर्षं डब्यात प्रश्न भरून ठेवलास आणि एकदाही सरळ वाक्यात विचारला नाहीस. पुरावा, पुरावा करत बसलास. मी दर रविवारी समोरच्या खुर्चीत येऊन बसत होते, त्याहून आणखी काय पुरावा हवा होता तुला?

मग वाटलं, की मीही तुला सरळ काही सांगितलं नाही. मी चित्र पुरं करून टाकलं, आणि चुकीचं पुरं केलं. तू ते खोडलं नाहीस. माझं तेवढं एकच काम तू कधी खोडलं नाहीस. पण कप्प्यातही ठेवलं नाहीस. सत्तावीस वर्षं आपलं टेबलावर ठेवलंस. मला तू आवडत होतास, मिलिंद. तुला बांधायला राखी आणली त्या दिवशीही आवडत होतास. हे वाक्य तू असताना मी म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही. आता म्हणून काय उपयोग, पण तुझ्या चिठ्ठीत एक रकाना रिकामा होता म्हणून म्हणते.

साडेचारला प्रशिकला फोन लावला. म्हटलं, "माझं नाव टाक. पण बहीण लिहू नकोस."

"मग काय लिहू आत्या?"

"काही लिहू नकोस. नुसतं नाव. नावापुढे काही नको."

त्याच्या पाठीमागे स्टेशनची घोषणा चालली होती. मग चाचरत म्हणाला, "लोक विचारतील ना आत्या, ह्या कोण म्हणून. तुमचे येवल्याचे दादा येतील, त्यांना पण दिसेल."

"विचारू दे. दादाला मी बघून घेते."

"आणि... तुम्हाला आत्याच म्हणायचं ना मी?"

हा प्रश्न मी सकाळपासून स्वतःला विचारत होते आणि त्यानं तो किती सरळ विचारून टाकला. तुमच्या घरात एकाला तरी सरळ विचारता येतं, याचं मला बरं वाटलं. मी म्हटलं, "तुला काय म्हणावंसं वाटतं?"

"मला तर आत्याच."

"मग तेच म्हण."

"बसायला पुढेच या हं आत्या," तो म्हणाला. "काकांच्या फोटोच्या समोरची खुर्ची ठेवतो तुम्हाला. तुम्ही नेहमी तिथेच बसायचात." म्हणजे पोराच्या लक्षात होतं. तुझ्याही असणारच.

रविवारी येते. दादा काय म्हणेल ते म्हणेल, त्यानं कांदे पाठवणं बंद केलं तर बाजारात मिळतात. येताना बुटक्याचं शेवटचं चित्र आणणार आहे, ते तुझ्या फोटोपाशी ठेवेन. दंडाचं हाड ठळक आहे. बाकीचं सगळं आज बसून मी तुटक रेषेत काढलं, तू म्हणायचास तसं, ढाली, पाठ, शेपटी, सगळं. शेपटीला गोळा मात्र काढलाय, तो खोडायला तू येऊ शकत नाहीस.

आणि डबा आवरून ठेवायला मी कपाट उघडलं होतं. हातात डबा घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिले, मग कपाट लावून घेतलं. टेबलावर ठेवलाय, खिडकीजवळ.